नुसतं रेफरल लिहिणं नव्हे

कोणीतरी लिहिलंय की ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधला डॉक्टर म्हणजे रेफरल (मोठ्या हॉस्पिटलला पाठवायची चिठ्ठी) लिहून देणारा कारकून. मी अशाच एका पॉलिक्लिनिकमध्ये कंत्राटी मेडिकल ऑफिसर आहे. रेफरल लिहावं लागतं हे खरंच, पण त्याआधी बरंच काही असतं.

ही योजना एप्रिल २००३ पासूनची. तिच्यात पत्नी आणि अवलंबून असलेले आईवडीलही येतात, त्यामुळे माझ्यापुढे फक्त फौजी नसतात. शिपाई पस्तिशी-चाळिशीतच पेन्शनवर येतो. पीटी सुटते, जेवण मात्र तेवढंच राहतं. चारपाच वर्षांत शुगर आणि बीपी हजर. गुडघे तर आधीच गेलेले असतात.

खरी अडचण म्हणजे ही मंडळी दुखतंय असं सांगतच नाहीत. तोफखान्यातले एक काका प्रत्येक प्रश्नाला "ठीक आहे साहेब" म्हणायचे. मला वाटलं, शिस्त. शेवटी काकू म्हणाल्या, "अहो डॉक्टर, त्यांना ऐकूच येत नाही, टीव्ही गल्लीभर ऐकू जातो!" तेव्हापासून तोफखाना म्हटलं की मी आधी कानांचं विचारतो. आणि शक्य असेल तर काकूंना आतच बोलावतो. झोप, चिडचिड, रात्रीचे पेग किती, हे त्यांच्याकडूनच कळतं. (कँटीनच्या रमबद्दल काकांचा आकडा आणि काकूंचा आकडा अजून एकदाही जुळलेला नाही.)

कोणी या कामाचा विचार करत असेल तर हिंदी चांगली हवी, आणि रँक विचारून मगच नाव घ्यायचं.