झिरकॉनचं वय म्हणजे फॉल्टचं वय?

दगडफोड्या: ‘फूटवॉलमधल्या ग्रॅनाइटचा झिरकॉन मोजला की डिटॅचमेंट कधी सरकला ते कळतं’ हे या धाग्यावरचं कालचं वाक्य वाचून राहवलं नाही. (डिटॅचमेंट म्हणजे कमी उताराचा मोठा फॉल्ट, फूटवॉल म्हणजे त्याच्या खालची बाजू, झिरकॉन म्हणजे युरेनियम धरणारं कणखर खनिज.) झिरकॉनमधलं, युरेनियमपासून बनलेलं शिसं ९०० अंश सेल्सिअसलाही सहसा हलत नाही. ते वय मॅग्मातून स्फटिक जमल्याचं. फॉल्टनं खडक वर ओढल्यावर तो निवतो कधी, हे बघायला बायोटाइट आर्गॉन (सुमारे ३०० अंश), झिरकॉन हीलियम (१८०), ऍपेटाइट हीलियम (७०) ही घड्याळं लागतात; साधारण कंसातल्या तापमानाखाली खनिज तो वायू कोंडून ठेवू लागतं. नमुने सरकण्याच्या दिशेनं घ्या. २० किलोमीटरांत वय ४० लाख वर्षांनी उतरलं, तर वेग वर्षाला ५ मिलिमीटर.

मायलोनाइट: वाक्य माझंच. कॅलिफोर्नियातल्या व्हिपल पर्वतासारख्या कोअर कॉम्प्लेक्समध्ये (डिटॅचमेंटनं खोलचा खडक वर आणून उघडा पाडलेली जागा) एक डाइक (भेगेत घुसून थिजलेला मॅग्मा) मायलोनाइटसोबत (फॉल्टमध्ये खोलवर ताणला गेलेला खडक) ताणलेला आणि दुसरा त्याला आरपार छेदणारा सापडला, तर दोघांच्या झिरकॉनमध्ये ताणाचा काळ अडकतो. आणि खडक काय फक्त फॉल्टनंच निवतो? धूप आहे, मॅग्माचं स्वतःचं थंड होणं आहे. तुमचे ५ मिलिमीटरही समतापरेषा (जमिनीखालच्या सारख्या तापमानाच्या रेषा) जागच्या जागी असतील तरच. सुरुवातीला फूटवॉल त्यांनाही सोबत ओढतो, तेव्हा वेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

चाळणी: ऍपेटाइट हीलियमचं नाव घेणं सोपं आहे हो! अल्फा कण (हीलियमचंच केंद्रक) साधारण २० मायक्रॉन उडतो, म्हणजे कडेचा हीलियम बाहेर पडतो; तरी लोक ५० मायक्रॉनचे कण भरतात आणि त्या गळतीच्या दुरुस्ती-गुणकावर भार टाकतात. त्यात आत झिरकॉनची सुई असली तर तिचा हीलियम मोजला जातो, पण नायट्रिक आम्लात ती विरघळत नाही, म्हणून तिचं युरेनियम हिशेबात येतच नाही. वय फुगतं.

दगडफोड्या: लेझरनं दुसऱ्यांदा तापवा. पुन्हा हीलियम निघाला तर कण बाद. एवढा बाऊ कशाला?

चाळणी: आणि शेजारी युरेनियमनं भरलेला कण असला तर? त्याचा अल्फा बाहेरून येऊन घुसतो, तो पहिल्याच तापवणीत निघून जातो. दुसरी तापवणी कोरी. ३ कणांची सरासरी छापण्याआधी वय युरेनियमच्या प्रमाणाबरोबर चढतं का, ते तरी बघा.

मायलोनाइट: धागा डिटॅचमेंटचा होता. चाळणीबाईंनी दळण काढलं.

दगडफोड्या: डाइकचं मान्य, नाइलाजानं. पण ‘ग्रॅनाइटचा झिरकॉन’ आणि ‘छेदणारा डाइक’ यांत फरक आहे, तो काल लिहायचा होता. शिवाय मायलोनाइट खोलवरचा, गरम. वरच्या ठिसूळ भागाचं काय? तिथे गॉजमधल्या (फॉल्टमध्ये भरडलेल्या भुग्यातल्या) इलाइट या चिकणमातीच्या खनिजाचं पोटॅशियम-आर्गॉन वय काढावं लागतं.

चाळणी: काढा, पण गॉज दळू नका! पाण्यात भिजवून गोठवा, वितळवा, पुन्हा गोठवा. दळलं की मूळ खडकातला जुना अभ्रक बारीक अंशात शिरतो आणि फॉल्ट उगाच म्हातारा होतो.