मदत हवी आहे: ब्लाउजचं कापड नि अस्तर कुठून घेता? (न्यू जर्सी)

एडिसनजवळ राहते, ब्लाउज घरीच शिवते. 2025 च्या मे अखेरीस जोअ‍ॅन या कापड-शिवणसामानाच्या साखळीची सगळी दुकानं बंद झाली आणि माझे हाल सुरू झाले. तसलंच दुसरं, हॅनकॉक, तर 2016 मध्येच गेलं. क्राफ्टच्या दुकानातलं कापड गोधडीला ठीक, अस्तराला काय कामाचं? ऑनलाइन दोनदा मागवलं. मरून म्हणून आलं ते चक्क विटकरी, आणि धुतल्यावर नुसती जाळी. सगळी खळच होती! कापड हाताला लागल्याशिवाय कळतं का? ओक ट्री रोडवर साड्या ढीगभर, पण टू बाय टू रुबिया (ब्लाउजचं तलम कापड) वारावर कुणी देतं का? मॅनहॅटनचं गारमेंट डिस्ट्रिक्ट किंवा फिलाडेल्फियाचा फॅब्रिक रो, या कापडबाजारांत कुणी गेलंय? एकच वार कापून देतात का? आणि हो, हुक नि 14 नंबरच्या सुयाही हव्यात.