जिनोव्हा: दोन मुक्काम, की चिंक्वे तेर्रेच्या वाटेवर अर्धा दिवस?
(इटलीतलं बंदर-शहर जिनोव्हा, म्हणजे जिनोआ, इथे किती थांबावं यावरची चर्चा; चिंक्वे तेर्रे म्हणजे जवळची समुद्रकाठची पाच गावं. गलबत, वेळापत्रक आणि चणाडाळ ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

गलबत
आपल्याकडच्या बहुतेक इटली सहलींत जिनोव्हा म्हणजे गाडी बदलायचं स्टेशन. हा अन्याय आहे. इथे दोन रात्री हव्यातच. सान जॉर्जो बँक इथे १४०७ साली सुरू झाली आणि पुढे इथल्या सावकारांनी स्पेनच्या राजाला कर्जं दिली. तो पैसा अजून दिसतो. १५७६ पासून इथल्या प्रजासत्ताकाने श्रीमंतांच्या वाड्यांची अधिकृत यादीच (रोल्ली) ठेवली होती. परदेशी राजा किंवा राजदूत आला, की त्याच्या दर्जाप्रमाणे चिठ्ठी टाकायची आणि ज्याचं नाव निघेल त्याने पाहुणचार करायचा. या रोल्ली वाड्यांपैकी ४२ वाडे २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. व्हिया गारिबाल्दी या रस्त्याच्या जेमतेम अडीचशे मीटरांत रोस्सो, ब्यांको आणि तुर्सी हे तीन वाडे एकाच तिकिटात होतात. तुर्सीत व्हायोलिनवादक पागानिनीचं १७४३ सालचं व्हायोलिन आहे. रोस्सोची गच्ची चुकवू नका, संपूर्ण बंदर तिथून कळतं. फक्त सोमवार टाळा, बहुतेक संग्रहालयं बंद असतात.

वेळापत्रक
वाडे सुंदर आहेत, पण दहा दिवसांत रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस झाल्यावर दिवस उरतात किती? चिंक्वे तेर्रे करायचंच असेल तर मुक्काम ला स्पेत्सियाला. तिथून त्या पाचांतलं रियोमाज्जोरे दहा मिनिटांच्या आत. जिनोव्हाहून त्यातल्याच मोन्तेरोस्सोला सव्वा ते दीड तास, म्हणजे जाऊन-येऊन तीन तास गाडीत. त्यात जुन्या भागातल्या कारुज्जी, म्हणजे बोळ: चढ, पायऱ्या, दगडी फरसबंदी. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना घेऊन, चाकाची बॅग ओढत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथा मजला? माझ्या मते नको. सामान प्रिंचिपे स्टेशनवर ठेवा, व्हिया गारिबाल्दी आणि सान लोरेन्झो कॅथेड्रल पाहा, संध्याकाळची गाडी पकडा.

गलबत
चौथ्या मजल्यावर राहायला कोणी सांगितलंय? ब्रिन्योले स्टेशनच्या आसपास राहा. रस्ते सपाट आहेत आणि व्हिया व्हेंती सेत्तेम्ब्रेवर बराच वेळ कमानींखालून चालता येतं. चढायचं असेल तर पोर्तेल्लो चौकातून उंचावरच्या कास्तेलेत्तोला सार्वजनिक लिफ्ट जाते.
पत्ते शोधताना मात्र लक्ष द्या. दुकानांचे आणि खाणावळींचे क्रमांक लाल, घरांचे काळे, आणि दोन्हींची मोजणी वेगळी. एकाच गल्लीत १२ क्रमांक दोनदा येतो. पत्त्यात आकड्यानंतर 'आर' (r) असेल तर लाल शोधा. बोळांत दोन्ही बाजूंना सहा-सात मजली भिंती असल्याने फोनवरचा नकाशा भरकटतो. तेव्हा उताराने चालत राहा, बंदर लागतंच.

चणाडाळ
मला गलबत यांचं पटतं, पण कारण वेगळं: शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही. फारिनाता म्हणजे चण्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, तांब्याच्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. आपल्या धिरड्याचं जाड, कुरकुरीत भावंडच. त्यात अंडं नाही, दूधही नाही. पेस्तो, म्हणजे बेसिलची हिरवी चटणी, याबद्दल मात्र सावध राहा. त्यात पार्मिज्यानो आणि पेकोरिनो चीज असतं आणि ते विरजायला वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं रेनेट वापरतात. लसूणही असतो. 'मांस नाही ना?' एवढंच विचारलंत तर उत्तर 'नाही' येणार. तोर्ता पास्क्वालिना या भाजी भरलेल्या पायमध्येही भाजीबरोबर अख्खी अंडी असतात.

वेळापत्रक
फारिनाता दुपारच्या थांब्यातही खाता येते, त्यासाठी दोन रात्री कशाला? आणि ब्रिन्योलेचा सल्ला शरद ऋतूत जपून द्या. बिसान्यो नदी त्याच भागात रस्त्यांखालून झाकून नेली आहे. मागे उभे डोंगर, पुढे समुद्र. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तासाभरात धो-धो पडलं की झाकलेल्या पात्राला पाणी पेलवत नाही. २०११ आणि २०१४ च्या पुरांत माणसं दगावली. त्या दिवसांत जात असाल तर लिगुरिया, म्हणजे या प्रदेशाचा, पावसाचा इशारा रोज पाहा आणि लाल इशारा असेल तर तळमजल्यावर, भुयारी रस्त्यात थांबू नका.

गलबत
हा मुद्दा मान्य. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रिंचिपे स्टेशनच्या बाजूला राहा. दोन रात्रींवरून मात्र मी हटत नाही: सान लोरेन्झोत १९४१ च्या ब्रिटिश माऱ्यातला न फुटलेला तोफगोळा, गालाता हे समुद्र-संग्रहालय, १५४३ साली पुन्हा बांधलेला ७७ मीटरचा लांतेर्ना दीपस्तंभ. संध्याकाळच्या गाडीआधी यातलं काय गाळणार, ते सांगा.

वेळापत्रक
लांतेर्ना. दुरूनही दिसतो.