पीएसए थोडा वाढला म्हणून लगेच घाबरू नका

प्रोस्टेट कॅन्सरच्या रेडिएशननंतर वर्षभराने वडिलांचा पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचं प्रमाण) ०.६ वरून ०.९ झाला आणि घरात कुणाला झोप नाही, हे तुम्ही लिहिलंत ते वाचून राहवलं नाही. इथे इंदूरला आमच्या बाबांचंही असंच झालं होतं. रेडिएशननंतर ग्रंथी जागेवरच असते, त्यामुळे पीएसए सावकाश उतरतो, मध्येच थोडा उसळतोही. सर्वांत कमी आकड्यापेक्षा २ ने वाढला, तर साधारणपणे आजार उलटल्याचं धरतात. तपासण्या मात्र चुकवू नका.

बाबांना खरा त्रास लघवीचा. राजवाड्यापर्यंत जायचं तरी आधी विचारायचे, वाटेत जायची सोय कुठे आहे? पोह्यांवरची तिखट सेव, संध्याकाळचा चहा बंद केला. दोनेक महिन्यांत जळजळ थांबली.

आणि हो, शौचातून रक्त दिसलं तर कोलोनोस्कोपीआधी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) डॉक्टरांना रेडिएशन झाल्याचं आवर्जून सांगा. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा तपासणीसाठी काढला, तर ती जखम कधी कधी भरता भरत नाही.