अकरा एकरांसाठी जुना साधा ट्रॅक्टर घ्यावा की नवा सेन्सरवाला? अनुभवी मंडळींचा सल्ला हवा

काळेरान (परभणी):

नमस्कार मंडळी. पाथरी तालुक्यात आमची अकरा एकर काळी जमीन आहे. आठ एकरांत सोयाबीन-तूर आणि त्यामागे हरभरा असतो, तर तीन एकरांत विहिरीच्या पाण्यावर ऊस आहे. आजवर नांगरट, पाळी आणि पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर केली. पण ज्याला आधी शब्द दिला त्याचे रान आधी, या नियमामुळे आमचा नंबर लागेपर्यंत वाफसा (मशागत-पेरणीजोगी ओल) निघून जातो. म्हणून या वर्षी स्वतःचा ट्रॅक्टर घ्यायचे ठरवले आहे.

धाकट्या भावाचे मत आहे की कर्ज काढून ५५ अश्वशक्तीचा नवा, कॉमन रेल (सेन्सर आणि संगणकावर चालणाऱ्या) इंजिनाचा ट्रॅक्टर घ्यावा. मला मात्र शेजारच्या गावातील एक २००८ सालचा, साध्या पंपाचा, ४० अश्वशक्तीच्या आतबाहेरचा ट्रॅक्टर दिसतो आहे. मालक दोन लाख साठ हजार म्हणतो.

माझ्या मनातील भीतीचे कारण सांगतो. मागच्या मृगात चांगला पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी रानाला वाफसा आला. आमच्या बांधाशेजारच्या काकांचा दोन वर्षांचा नवा ट्रॅक्टर सकाळी सुरू झाला, पण समोरच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला आणि इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या वर चढेना. पेरणी यंत्र जोडलेले, बियाणे भरलेले आणि ट्रॅक्टर बांधावर उभा. आमच्या गावातील मिस्त्रींनी बोनेट उघडून पाहिले आणि प्रामाणिकपणे हात जोडले. कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन चौथ्या दिवशी आला, तेव्हा उंदराने एका सेन्सरची वायर कुरतडल्याचे निघाले. दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. पण त्याच रात्री पुन्हा पाऊस झाला आणि काकांची पेरणी पुढे बारा दिवस लांबली. त्याच आठवड्यात आमच्या भाड्याच्या जुन्या ट्रॅक्टरने तासाच्या (रानातील ओळीच्या) मध्येच डिझेलच्या नळीत हवा घेतली, तेव्हा चालकाने खाली उतरून पान्याने पंपाचा स्क्रू सैल केला, हातपंप मारून बुडबुडे जाईपर्यंत डिझेल वाहू दिले आणि दहा मिनिटांत पुढचे तास धरले.

माझी भीती रास्त आहे की एका प्रसंगावरून मी चुकीचा निष्कर्ष काढतो आहे? आणि जुना घ्यायचाच असेल, तर तो तपासावा कसा?

पंपमिस्त्री (बीड):

दादा, तीस वर्षे डिझेल पंपाचे काम करतो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमची भीती रास्त आहे, पण तिचे मूळ ट्रॅक्टरच्या वयात शोधू नका, पंपात शोधा.

जुन्या इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर असतो, तो टायमिंग गिअरवर फिरतो आणि दोनशे-अडीचशे बारच्या दाबाने नोझल (इंजिनात डिझेल फवारणारी तोटी) उघडतो. एकदा सेल्फ फिरला की पुढे इंजिनाला विजेची गरजच नसते. बॅटरी उतरली तर ट्रॅक्टर उतारावरून ढकलून सुरू होतो आणि बंद करताना दोरी ओढली की डिझेल तुटते. बिघाड झाला तर तो कानाला ऐकू येतो, धुराच्या रंगात दिसतो किंवा हाताला लागतो. कॉमन रेलमध्ये दाब दीड हजार बारच्या घरात जातो, आणि कोणत्या क्षणी किती डिझेल सोडायचे ते सेन्सरांच्या माहितीवरून संगणक ठरवतो. त्या इंजिनात वाईट काही नाही. धूर कमी, आवाज कमी आणि ओढ उत्तम. पण त्याचा बिघाड मिस्त्रीच्या कानाला कळत नाही, तो वाचायला यंत्र लागते, आणि ते यंत्र बहुतेक वेळा तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या शोरूममध्येच असते. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर करावी असे कृषी विभाग सांगतो. त्या पावसानंतर आपल्या हातात जे दोन-चार दिवस येतात, त्यात ट्रॅक्टर चार दिवस उभा राहणे कोणाला परवडेल? शेतकरी जुना ट्रॅक्टर जपतो तो या दिवसांसाठी, आणि त्याला मागासलेला म्हणणाऱ्यांनी एकदा जूनमध्ये बांधावर उभे राहून पाहावे असे मला मनापासून वाटते.

आता तुमच्या कामाची गोष्ट. १ जानेवारी २०२३ पासून ३७ किलोवॉटच्या, म्हणजे सुमारे ५० अश्वशक्तीच्या वरील नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाची कडक ट्रेम-४ मानके लागू झाली, आणि ती पाळण्यासाठी कंपन्यांनी त्या गटात कॉमन रेल आणले. ५० च्या आतील गटाला ती मानके तेव्हा लागू झाली नाहीत, म्हणून त्या गटात साध्या पंपाचे कोरे ट्रॅक्टर मिळत राहिले, आणि कित्येक कंपन्यांनी मुद्दाम ४९ अश्वशक्तीची मॉडेले काढली ती यामुळेच. खरेदीपूर्वी मॉडेल आणि नियम दोन्ही शोरूममध्ये पुन्हा विचारून घ्या. अकरा एकरांना ५५ चा ट्रॅक्टर मुळात मोठा आहे. दोन फाळी पल्टी नांगर आणि पाच-सहा फुटी रोटाव्हेटर ४५ चा ट्रॅक्टर सहज ओढतो. म्हणजे भावाला नवा हवा आणि तुम्हाला साधा हवा, हे दोन्ही एकाच ट्रॅक्टरमध्ये मिळू शकते.

तरीही जुना पाहायला जाणार असाल, तर सकाळी लवकर आणि न सांगता जा, आणि आधी इंजिनावर हात ठेवा. ते गार असले पाहिजे. गरम असेल तर मालकाने आधीच सुरू करून ठेवले आहे असे समजा, कारण सिलिंडरमधला दाब (कॉम्प्रेशन) कमी झालेले इंजिन गार असतानाच उघडे पडते. इंजिन गार असताना रेडिएटरचे झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते पाहा. सुरू झाल्यावर ब्रीदरच्या नळीपाशी (इंजिनातील वाफ बाहेर सोडणारी नळी) तळहात धरा. धूर दमादमाने हातावर येत असेल तर लायनर-पिस्टन संपत आले आहेत आणि इंजिन भरावे (आतले झिजलेले भाग बदलावे) लागेल. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. मग नांगर जोडून लिफ्ट वर घ्या, इंजिन बंद करा आणि अर्धा तास चहा पीत बसा. तेवढ्यात नांगर जमिनीला टेकला तर हायड्रॉलिकचे काम निघणार. तासांच्या मीटरवर विश्वास ठेवू नका, कारण त्याची केबल तुटलेली असते किंवा तोडलेली असते. त्याऐवजी खालच्या लिंकची (मागे अवजार जोडायच्या दांड्यांची) छिद्रे पाहा. ती गोल असतील तर ट्रॅक्टर सांभाळून वापरला आहे, आणि लांबट झाली असतील तर वर्षानुवर्षे जड अवजारे ओढली आहेत, मग मालक काहीही सांगो.

एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. एचएमटीचा ट्रॅक्टर स्वस्तात मिळाला म्हणून धावू नका. ज्या हातांनी मी काम शिकलो ते हात एचएमटीवरच घडले होते, इतके ते इंजिन सरळ आणि चिवट; पण कंपनीचा पिंजोरचा (हरियाणा) ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला आणि आता अस्सल सुटे भाग शोधत फिरावे लागते. साधा ट्रॅक्टर साधा राहतो तो सुटे भाग तालुक्यात मिळतात तोवरच. मॅसी १०३५, महिंद्रा ५७५, स्वराज ८५५ यांचे भाग आमच्याकडे किराणा दुकानासारखे मिळतात.

खोडवा (वाळवा, सांगली):

दुसरी बाजू मांडते, कारण आमच्याकडे ५० च्या वरचा कॉमन रेल ट्रॅक्टर दोन गळीत हंगाम चालला आहे. उसाची खोल नांगरट आणि भरल्या ट्रॉल्यांची ओढ यात तो जुन्याला मागे टाकतो, आणि रात्रभर चालवूनही चालकाचे अंग दुखत नाही. घरातला मुलगा चालक असेल तर ही लहान गोष्ट नाही. पण आमच्यापासून शोरूम सहा किलोमीटरवर आहे आणि ट्रॅक्टर वर्षभर भाड्याने कमावतो, म्हणून आम्हाला तो परवडतो. वर्षाला चारशे तासही चालणार नसेल, तर काळेरानदादा, तुम्ही ५५ च्या हप्त्यात अडकू नये असे मला वाटते.

नवा घेतलाच तर दोन गोष्टी मी पैसे मोजून शिकले. कॅनमधले डिझेल गाळल्याशिवाय टाकीत ओतायचे नाही, कारण पाण्याचा अंश गेला की इंजेक्टर खराब होतात आणि त्यांचा खर्च साध्या नोझलच्या कित्येक पट असतो. आणि ट्रॅक्टरवर काहीही वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरीच्या वायरी सोडवायच्या. आमच्या चालकाने हूकला टाका मारताना त्या तशाच ठेवल्या आणि संगणक बदलावा लागला.

दूरचापाहुणा (आयोवा, अमेरिका):

मूळ गाव लातूर जिल्ह्यात, सध्या मक्याच्या पट्ट्यात नोकरी. आपल्याकडे हा अडाणीपणाचा प्रश्न समजला जातो, म्हणून मुद्दाम लिहितो की हजार-हजार एकर करणारे इथले शेतकरीही १९७०-८० च्या दशकातील ट्रॅक्टर लिलावात चढ्या भावाने घेतात, आणि कारण तेच सांगतात: बिघाड आपल्या हाताने काढता येतो. इथे तर हा वाद कायद्यापर्यंत गेला आहे. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेती यंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला, जो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. आणि जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाने दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरवरील मक्तेदारीवरून जॉन डिअरविरुद्ध खटला दाखल केला. भाग बदलला तरी अधिकृत सॉफ्टवेअरने त्याला मान्यता दिल्याशिवाय यंत्र चालत नाही, ही इथली मुख्य तक्रार आहे. खरेदी करताना शोरूमला हा प्रश्न जरूर विचारा की वॉरंटी संपल्यावर बाहेरच्या मिस्त्रीला बिघाडाचा कोड वाचता येईल का.

सातबारा (अहिल्यानगर):

कागदांचे थोडक्यात: जुन्याच्या आरसी पुस्तकावर बँकेचा बोजा आहे का ते पाहा आणि असेल तर तो उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. चासी आणि इंजिन क्रमांक स्वतः खरवडून जुळवा. पंधरा वर्षे उलटलेली असल्याने नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, हेही विचारा. नव्याचा विचार करत असाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, हे हिशेबात धरा. महाडीबीटीवरील (राज्य सरकारच्या योजनांचे संकेतस्थळ) अनुदान नव्यालाच मिळते, पण पूर्वसंमती येण्याआधी खरेदी केली तर ते हातचे जाते.

काळेरान (परभणी):

सर्वांचे मनापासून आभार. काल सकाळी सहाला आम्ही दोघे भाऊ त्या गावी गेलो. पंपमिस्त्री, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी इंजिनावर हात ठेवला, तर ते कोमट लागले. मालकाला वाईट वाटेल म्हणून काही बोललो नाही, गावात दोन तास थांबून परत आलो. गार इंजिनाने बराच वेळ सेल्फ खाल्ला, ब्रीदरमधून तळहातावर धूर आला, आणि टांगलेला नांगर वीस मिनिटांत मातीला टेकला. खालच्या लिंकच्या छिद्रांत माझे बोट आडवे फिरत होते. मालक पाच हजारही कमी करायला तयार नव्हता, म्हणून तो विषय सोडला.

आता भाऊही ५० च्या आतील नव्या साध्या ट्रॅक्टरला राजी झाला आहे आणि महाडीबीटीवर अर्ज भरला आहे. दोन मॉडेले पाहिली. एकात इनलाइन पंप आहे आणि दुसऱ्यात रोटरी, किमतीत फारसा फरक नाही. आमच्या वापराला कोणता बरा?

पंपमिस्त्री (बीड):

तुम्ही डिझेल बॅरलमध्ये साठवता की पंपावरून थेट टाकीत भरता, यावर उत्तर ठरेल. रोटरी पंपाचे आतले भाग डिझेलवरच वंगण घेतात, त्यामुळे पाणी किंवा कचरा गेला की तो लवकर घासतो. इनलाइनचा कॅम ऑइलमध्ये फिरतो आणि तो थोडे अधिक सोसतो. गावाकडे बॅरल चुकत नाही, म्हणून इनलाइन घ्या. बोनेट उघडून स्वतः खात्री करा: नोझलकडे जाणाऱ्या नळ्या पंपावर एका सरळ ओळीत उभ्या असतील तर इनलाइन, गोलाकार निघत असतील तर रोटरी. आणि बॅरल भरल्यावर एक रात्र हलवू नका, नळी तळाला टेकवू नका, खालचे चार बोटे डिझेल ट्रॅक्टरला कधीच देऊ नका.