सॅम्पलची वेळ कोण पाळणार: प्रोग्रॅमचा लूप की सिग्नल मोजणाऱ्या कार्डाचा क्लॉक?

फिरतंचाक: "लूपमध्ये स्लीप(1) (1 मिलिसेकंद थांबा) टाका, झालं 1000 हर्ट्झ सॅम्पलिंग. कंपनालाही चालतं, हार्डवेअर क्लॉकची गरज नाही." परवाचा हा सल्ला वाचून डोक्यात तिडीक गेली. विंडोजचा टायमर मूळ सेटिंगला 15.6 मिलिसेकंदांनी टिकटिकतो. तो बारीक केला तरी दुसरा एखादा प्रोग्रॅम मध्ये घुसला की भगदाड. सिग्नलमधल्या फ्रीक्वेन्सी वेगळ्या करणारं गणित, म्हणजे एफएफटी, मात्र सॅम्पल समान अंतरावर आहेत असंच धरून चालतं. बेअरिंगच्या कंपनाच्या एफएफटीत दिसणाऱ्या एका पीकमागे (टोकामागे) मी तीन आठवडे धावलो. बेअरिंग बदललं, पीक तिथेच! शेवटी कार्डाच्या क्लॉकवर बफर (सॅम्पल साठवायची मेमरी) भरून घेतला, तेव्हा गेलं.

सावकाश_लूप: सल्ला माझाच. मी भट्टीचं तापमान मोजतो. थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर) सेकंदाला एकदा वाचायचा, त्यात 20 मिलिसेकंद मागेपुढे झाले तर काय बिघडलं? सात वर्षं चाललंय.

फिरतंचाक: मग भट्टीपुरतंच लिहायचं होतं. 10 किलोहर्ट्झच्या सिग्नलला 1 मायक्रोसेकंद आरएमएस जिटर (सॅम्पलच्या वेळेतली डळमळ) असला तरी 16 बिटचं कार्ड जेमतेम 4 बिटांचं उरतं. तुमचा लूप तर मिलिसेकंदांत चुकतो.

फेजवाली: क्लॉक लावला म्हणून सुटलात असं समजू नका! एकच एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) आणि पुढे मक्स (चॅनल निवडणारा स्विच) असेल तर चॅनल एकामागून एक वाचले जातात. सेकंदाला 1 लाख सॅम्पलचं कार्ड, चॅनलमागे 10 मायक्रोसेकंद; पहिल्या आणि आठव्यात 70. 50 हर्ट्झला हा फेजमध्ये सव्वा अंशाचा फरक होतो. मी व्होल्टेज पहिल्यावर आणि करंट आठव्यावर जोडून रिअॅक्टरचा (कॉइलचा) पॉवर लॉस काढला. पॉवर फॅक्टर 0.1 (व्होल्टेज आणि करंटमध्ये मुळातच जवळजवळ 90 अंशांचा फरक), त्यामुळे आकडा 20 टक्क्यांहून जास्त चुकला आणि अख्खा अहवाल परत आला. प्रत्येक चॅनलला स्वतःचा एडीसी हवाच.

बिटमोजणी: त्यासाठी महागडं कार्ड कशाला? दोन्ही चॅनल शेजारी जोडा, उरलेला फरक इंटरपोलेशनने (दोन सॅम्पलमधली किंमत अंदाजून) काढा.

फेजवाली: शेजारी जोडूनही 0.18 अंश राहतो, म्हणजे 3 टक्के. इंटरपोलेशन स्वच्छ साइन लहरीवर ठीक. मोटर ड्राइव्हच्या पीडब्ल्यूएमवर (झपाट्याने चालू-बंद होणाऱ्या व्होल्टेजवर) करून दाखवा, मग बोला.

बिटमोजणी: मग चॅनलमधलं अंतर कमी करा. कन्व्हर्ट क्लॉक (एका चॅनलवरून दुसऱ्यावर जायचा वेग) वाढवता येतो.

फेजवाली: आणि सेटलिंगचं (नव्या चॅनलचं व्होल्टेज स्थिरावण्याचं) काय? सोर्स इम्पिडन्स (सिग्नल देणाऱ्याचा अंतर्गत अडथळा) जास्त असला की मागच्या चॅनलचं व्होल्टेज पुढच्यात उतरतं. मोकळ्या चॅनलवर शेजारच्याची साइन उमटलेली कधी पाहिलीच नाहीत का?

बिटमोजणी: पाहिली आहे. बफर अॅम्प्लिफायर (सोर्स इम्पिडन्स उतरवणारा) लावून गेली. पण ठीक, पॉवर मोजायला तुमचंच कार्ड बरं.

फिरतंचाक: विषय लूपचा होता, मंडळी.

सावकाश_लूप: "कंपन" आणि "1000 हर्ट्झ" हे दोन शब्द मागे घेतो. भट्टी लूपवरच राहील. प्रत्येक रीडिंगला वेळेचा शिक्का असतोच.

फेजवाली: शिक्का रीडिंगच्या आधी मारता की नंतर?