सुपरहिरोंचे आईबाबा का मरतात? मदत हवी आहे
भाच्याचे बाबा मागच्या वर्षी गेले आणि आता तो विचारतोय, मामा, हिरो व्हायला बाबा मरायलाच लागतात का? बॅटमॅनचे आईबाबा १९३९ च्या कॉमिकमध्येच त्याच्या डोळ्यांदेखत जातात, सुपरमॅनचा तर अख्खा ग्रहच, आणि १९६२ मध्ये स्पायडरमॅनचे बेनकाका, तेही पीटरने (म्हणजे स्पायडरमॅननेच) ज्या चोराला पळू दिलं त्याच्याच हातून, हे तर फारच लागतं मनाला. रात्री बाहेर जाऊ नको म्हणणारं घरात कोणी असेल तर गोष्ट पुढे सरकणार कशी हे मला कळतं हो, पण पोराला काय सांगू? मिस मार्व्हल कॉमिकमधल्या सुपरहिरो कमला खानचे आईवडील जिवंत आहेत, ओरडतात पण तिला, तसलं अजून काही माहितीये का कुणाला? मराठीत असेल तर फारच बरं.